तपासणाऱ्याचा वेळ

२०२४ सालच्या सुरुवातीला ‘एक्सप्रेस’ नावाच्या प्रकल्पावर एक चमत्कारिक संकट आले. जावास्क्रिप्ट या संगणकभाषेत सर्व्हरकडचे काम करणाऱ्यांना हे नाव चांगले परिचयाचे आहे. जगभरातल्या असंख्य संकेतस्थळांच्या मुळाशी ही लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, आहे आणि तिची देखभाल मूठभर लोक, बहुतांशी आपल्या फावल्या वेळात, करतात. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर दुसऱ्याच्या प्रकल्पात बदल कसा सुचवावा हे शिकवणाऱ्या एका भारतीय व्हिडिओमध्ये नमुन्यादाखल याच प्रकल्पाचे माहितीपान घेतले होते. तो पाहून शेकडो विद्यार्थ्यांनी त्या पानावर स्वतःचे नाव घातले आणि तो ‘बदल’ खरोखरीच पाठवून दिला. ते सगळे एकेक करून बंद करण्याचे काम अर्थातच त्या मूठभरांवर पडले. त्याआधी ऑक्टोबर २०२० मध्येही असेच घडले होते. हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात चार बदल पाठवणाऱ्याला टी-शर्ट मिळत असे. तो मिळवण्यासाठी लोकांनी दिसेल त्या प्रकल्पाच्या माहितीपानात ‘अमेझिंग प्रोजेक्ट’ यांसारखे शब्द घुसवून पाठवण्याचा सपाटा लावला आणि महिना सुरू होऊन तीनच दिवस झाले असताना आयोजकांना नियम बदलावा लागला. ज्या प्रकल्पांनी स्वतःहून होकार दिला असेल, तेवढ्यांतलेच बदल यापुढे धरले जातील, असे ठरले.

दोन्ही वेळा भारतीय विद्यार्थ्यांची समाजमाध्यमांवर यथेच्छ टिंगल झाली. मला ती अन्यायाची वाटते. त्या मुलांनी आपण त्यांना जे शिकवले तेच इमानेइतबारे केले होते. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत जर्नल उतरवून काढतात, सबमिशनच्या आठवड्यात सह्या मिळवण्यासाठी रांगा लागतात, आणि सही करणाऱ्याने आतले पान वाचले असेल अशी अपेक्षा देणारा करत नाही आणि घेणाराही करत नाही. या शिस्तीत तयार झालेला विद्यार्थी एखाद्या जागतिक प्रकल्पाकडे वळतो, तेव्हा पलीकडेही कोणी सही करणाराच बसला असेल असे तो गृहीत धरतो. तिथे वाचणारा बसला आहे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. ओपन सोर्स किंवा मुक्त, म्हणजे ज्याचा कोड सर्वांना खुला असतो अशा, सॉफ्टवेअरच्या समूहांत कोड मुबलक आहे, सूचना मुबलक आहेत, वापरणारे तर अगणित आहेत; टंचाई आहे ती दुसऱ्याचे काम मन लावून वाचणाऱ्याच्या वेळेची. या समूहांत जे शिक्षण होते तेही त्याच वेळेवर होते. आपली शिक्षणव्यवस्था आणि आपले शासन त्या साठ्यातून मनमुराद उचलत आले आहे आणि त्यात भर घालण्याची सोय मात्र आपण कुठेही केलेली नाही.

हे शिक्षण कसे होते ते पाहायचे असेल, तर लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्यात म्हणजे कर्नलमध्ये एखादा बदल कसा शिरतो ते पाहावे. १९९१ साली हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने ‘हा नुसता छंद आहे’ असे सांगत सुरू केलेल्या या प्रकल्पाच्या प्रत्येक नव्या आवृत्तीला आज हजाराहून जास्त लोकांचा हात लागतो, तरीही बदल पाठवण्याची मुख्य रीत अजून साध्या ई-मेलचीच आहे. बदलाच्या वर तो का हवा हे लिहावे लागते, कारण काय केले ते कोडवरून दिसतेच. मग ओळख ना पाळख असा कोणी माणूस त्या ई-मेलला उत्तर देताना ओळीओळीखाली आपले प्रश्न लिहितो. ही घेतलेली मेमरी परत कोण करणार? मध्येच चूक होऊन इथूनच परत फिरलो, तर लावलेले कुलूप काढणार कोण? हेच काम करणारे फंक्शन शेजारच्या फाइलमध्ये आधीपासून असताना नवे कशाला? पाठवणारा दुरुस्ती करून दुसरी आवृत्ती पाठवतो, मग तिसरी, कधी सातवी. आणि प्रत्येक आवृत्तीसोबत मागच्यापेक्षा काय बदलले याची नोंद देतो. शेवटी बदल स्वीकारला गेला, की लिहिणाऱ्याच्या नावाबरोबरच तो कोणी तपासला, कोणी चालवून पाहिला आणि मुळात दोष कोणी कळवला, यांचीही नावे इतिहासात कायमची राहतात.

या शेवटच्या रिवाजाकडे शिक्षणक्षेत्रातल्या लोकांनी बारकाईने पाहायला हवे. तपासणे हे काम आहे, ते नावानिशी नोंदवण्याजोगे आहे आणि लिहिण्याच्या पंक्तीला बसण्याजोगे आहे, हे तो रिवाज मान्य करतो. शिवाय हा सगळा संवाद उघड्यावर होत असल्यामुळे तशाच अडचणीत सापडलेला कोणीतरी पाच वर्षांनी तो वाचून शिकतो. पुस्तक उत्तर देते. अनुभवी माणसाला कोणत्या ओळीपाशी शंका येते आणि का येते, हे मात्र असा पत्रव्यवहार वाचूनच कळते. पहिल्या तीन आवृत्त्या परत आलेल्या विद्यार्थ्याला जे समजते, ते पहिल्या फटक्यात सही मिळालेल्याला समजत नाही.

महाराष्ट्रात हे वळण अगदीच अनोळखी आहे असे नाही. पुण्याचा लिनक्स वापरकर्त्यांचा गट पीएलयूजी, सांगलीच्या वालचंद महाविद्यालयातला विद्यार्थ्यांचा तसाच गट, पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेतला मुक्त सॉफ्टवेअरचा गट, सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत वर्षानुवर्षे भरलेले ‘ग्नूनिफाय’ हे मुक्त सॉफ्टवेअरचे संमेलन अशी कितीतरी नावे इथे घेता येतील. महाविद्यालयातल्या गटाची ताकद आणि दुबळेपणा एकाच गोष्टीत असतो, ती म्हणजे दर चार वर्षांनी माणसे पूर्ण बदलतात. म्हणून शिकवणे ही तिथे हौस राहत नाही. तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी पहिल्या वर्षाच्या मुलांना तयार केले नाही तर गट संपतो. अशा ठिकाणी लिनक्स बसवण्याचा कार्यक्रम असतो तेव्हा एक दृश्य हमखास दिसते. कोणाच्या तरी लॅपटॉपवर सगळे नीट बसते, फक्त वाय-फाय चालत नाही. चांगला सीनियर अशा वेळी खुर्ची ओढून शेजारी बसतो, पण कीबोर्डला हात लावत नाही. कोणते हार्डवेअर आहे ते कसे पाहायचे, कर्नलने सुरू होताना काय तक्रार नोंदवली ती कुठे वाचायची, त्यातली कोणती ओळ शोधून पाहायची, हे सगळे तो समोरच्याकडूनच टाइप करून घेतो. पाच मिनिटांचे काम तासभर चालते. तो तास गेला कुठे, याचा हिशेब कोणत्याही गुणपत्रिकेत नसतो.

बंगालमधल्या दुर्गापूरच्या लिनक्स गटाने २००८ पासून उन्हाळी वर्ग चालवले, तेही आयआरसी या गप्पांच्या जुन्या माध्यमावर, चित्र नाही की आवाज नाही, केवळ मजकुराच्या आधाराने. लहान गावातल्या रडतखडत चालणाऱ्या इंटरनेटलाही ते झेपत. तिथला एक नियम मला फार आवडतो. प्रश्न असेल तर आधी नुसते उद्गारचिन्ह टाइप करून थांबायचे आणि आपली पाळी आली की विचारायचे. दुसऱ्याचा प्रश्न चालू असताना तो वाचावाच लागतो आणि निम्म्या वेळा आपला प्रश्न त्यातच सुटलेला असतो.

ही सगळी चर्चा अभियंत्यांपुरती आहे, असा मराठीच्या जाणकारांचा समज असेल तर तो काढून टाकला पाहिजे. डोंगरातल्या ‘दऱ्या’ आणि समुद्र या अर्थाचा ‘दर्या’ यांतला फरक पडद्यावर नीट उमटावा यासाठी बरीच खटपट करावी लागली आहे. तो पापणीसारखा अर्धा र मराठीला रोज लागतो. हिंदीपुरती देवनागरी जाणणाऱ्या माणसाच्या तो ध्यानातही येणार नाही. मराठी ल आणि श यांची वळणेही हिंदीतल्या वळणांहून वेगळी असतात, आणि मजकूर मराठी आहे असे सांगितले की मराठी वळणे दाखवण्याची सोय आजकाल टंकांमध्ये, म्हणजे फॉन्टमध्ये, करता येते. अक्षरे जुळवणारे ‘हार्फबझ’ हे सॉफ्टवेअर फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिब्रेऑफिस या सर्वांत आहे आणि ते ओपन सोर्स आहे. रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या पुण्यातल्या मंडळींनी ‘लोहित’ टंकांवर काम केले, मुंबईच्या ‘एक टाइप’ या टंक घडवणाऱ्या संस्थेने ‘मुक्ता’सारखा टंक मुक्त परवान्याखाली दिला. पण एखादे जोडाक्षर फुटते आहे, हे या लोकांना कळणार कसे? ते ज्याला खटकते तो सहसा मराठीचा शिक्षक, मुद्रितशोधक किंवा लेखक असतो, आणि तो ‘कॉम्प्युटरवर मराठी नीट येत नाही’ असा त्रागा करून गप्प बसतो.

त्याऐवजी त्याने नीट तक्रार लिहिली तर? कोणत्या यंत्रावर, कोणत्या आवृत्तीत, कोणती अक्षरे कोणत्या क्रमाने टाइप केली, काय दिसले, काय दिसायला हवे होते, आणि पुराव्यादाखल छापील पुस्तकातल्या त्याच अक्षराचे छायाचित्र. एवढे लिहिता येण्यासाठी कोडची एक ओळही यावी लागत नाही. पलीकडचा प्रोग्रॅमर एक शब्दही मराठी न जाणणारा असू शकतो. त्याला मराठी लेखनाची रीत समजावून सांगता सांगता सांगणाऱ्याला संगणक अक्षर कसे घडवतो हे कळते. दोन्हीकडचे शिकतात. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी एमएच्या विद्यार्थ्यांकडून वर्षाला अशा दहा-वीस पक्क्या तक्रारी लिहून घेतल्या, तर मराठीच्या भवितव्यावरच्या अनेक परिसंवादांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल, असे मी जरा धाडसाने म्हणतो.

तपासणाऱ्याचा वेळ संपला की काय होते, याचे सर्वांत भयंकर उदाहरण मार्च २०२४ मधले आहे. एक्सझेड हे फाइली दाबून लहान करण्याचे साधे साधन जवळजवळ प्रत्येक लिनक्स यंत्रावर असते आणि फिनलंडमधला एक माणूस ते वर्षानुवर्षे जवळपास एकहाती, बिनपगारी सांभाळत होता. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ तिथे चांगली, उपयोगी मदत केली. त्याच सुमारास कधी न ऐकलेली नावे मूळ सांभाळणाऱ्याला ‘कामे रखडतात, दुसऱ्याला अधिकार द्या’ असा तगादा लावत होती. थकलेल्या माणसाने अधिकार दिले आणि त्या मदतनिसाने ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला, पोस्टग्रेस डेटाबेसच्या वेगाची मोजणी करताना, दूरच्या यंत्रावर लॉगिन होण्यास सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे जाणवले. तो त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला आणि २९ मार्चला त्याने ते सगळे जाहीर केले. नाहीतर लवकरच जगभरातल्या सर्व्हरांच्या किल्ल्या भलत्याच हातात गेल्या असत्या.

या घटनेनंतर ‘उघड्यावरचे सॉफ्टवेअर असुरक्षित’ असा सूर निघाला. फ्रॉइंडला खोलात जाऊन पाहता आले ते कोड त्याच्या हाताशी होता म्हणूनच, हे तो सूर लावणारे विसरतात. चोरदरवाजा बांधणाऱ्यालाही हे पक्के ठाऊक असावे. त्याने महत्त्वाचा भाग सर्वांना दिसणाऱ्या कोडमध्ये न ठेवता चाचणीच्या फाइलींत आणि प्रसिद्ध केलेल्या गठ्ठ्यात दडवला होता. माझ्या दृष्टीने खरा प्रश्न निराळा आहे. ज्या साधनावर अब्जावधी रुपयांचे व्यवहार उभे आहेत, त्याच्या सांभाळणाऱ्याजवळ दुसरा खरा साथीदार का नव्हता? त्याच्या दहा वर्षे आधी, एप्रिल २०१४ मध्ये, इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएलमधला ‘हार्टब्लीड’ दोष उघडकीस आला, तेव्हाही निम्म्या इंटरनेटचे कुलूप सांभाळणाऱ्या त्या प्रकल्पाला वर्षाकाठी जेमतेम दोन हजार डॉलर देणगी मिळते, हे जगाला प्रथम कळले होते. आपल्या शेतकऱ्यांत सावड असते. शेजारी आपल्या रानात एक दिवस राबला, तर त्याच्या रानातला एक दिवस आपल्यावर चढतो आणि तो फेडावा लागतो. न फेडणाऱ्याकडे पुढच्या हंगामात कोणी येत नाही. सॉफ्टवेअरच्या या सावडीत न फेडणारे बहुसंख्य आहेत आणि त्यांत मोठाल्या कंपन्या आहेत, सरकारे आहेत, विद्यापीठेही आहेत.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिला असा की हे तपासणारे काही संत नव्हेत. नवख्याला चारचौघांत पाणउतारा करून घालवून देण्याची वाईट खोड या जगात मुरलेली होती. खुद्द टोरवाल्ड्सने सप्टेंबर २०१८ मध्ये आपल्या वागण्याबद्दल माफी मागून काही काळ रजा घेतली आणि त्याच वेळी कर्नलने आचारसंहिता स्वीकारली. ते योग्यच झाले. कामावरची टीका कितीही कठोर असू द्या. माणसाचा अपमान करून कोड सुधारल्याचे उदाहरण मला तरी माहीत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. फावला वेळ सर्वांना सारखा मिळत नाही. सकाळच्या एसटीने येऊन संध्याकाळच्या गाडीने परतणाऱ्या मुलाला गटाच्या सायंकाळच्या बैठकीला थांबता येत नाही, आणि वसतिगृहाचे दार आठला बंद होते म्हणून मुलींना चर्चा रंगात आली की उठावे लागते. ज्याला शिकता शिकता कमवावेही लागते, त्याला ‘निरपेक्ष योगदान द्या’ असे सांगणे ही क्रूर थट्टा आहे. पैसा आला की चळवळ बाटते असे मानणारे काही जुने कार्यकर्ते आहेत. मी त्यांच्या मताचा नाही. गूगल समर ऑफ कोडने २००५ पासून विद्यार्थ्यांना मानधन दिले, आउटरीचीने या क्षेत्रात ज्यांचे प्रमाण कमी आहे अशांना मानधनासह मार्गदर्शक मिळवून दिला, त्यातून कितीतरी माणसे टिकली. मुंबईच्या आयआयटीतल्या फॉसी प्रकल्पात विद्यार्थी पाठ्यपुस्तकातली सोडवलेली उदाहरणे सायलॅब या गणिती सॉफ्टवेअरमध्ये किंवा पायथन या संगणकभाषेत लिहितात, ती तपासली जातात आणि त्याचे मानधन मिळते. तिथल्याच स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाचे दहा-दहा मिनिटांचे पाठ मराठी आवाजातही आहेत. पाठ आहेत, साधने आहेत. पाठ पाहून केलेले काम वाचणारे माणूस मात्र सांगली-पुण्याबाहेर शोधावे लागते.

केरळने या शतकाच्या पहिल्या दशकातच शाळांमधले संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर नेले, आणि स्वतंत्र मलयाळम कंप्यूटिंगसारखा समूह तिथे आपल्या लिपीचे टंक आणि साधने घडवत राहिला. त्याच काळात आपल्याकडे एमएस-सीआयटीने लाखो लोकांना संगणकासमोर बसवले, हे मोठेच काम झाले. पण ते बसवले मुख्यतः विंडोज आणि ऑफिससमोर, केवळ वापरणारे म्हणून. दोष दिसला तर तो कुठेतरी कळवता येतो, हा विचारच त्या अभ्यासक्रमाच्या चौकटीत मावणारा नव्हता.

आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेकडे विचारले की उत्तर लगेच मिळते, मग समूह हवाच कशाला, असे विचारले जाते. उत्तर मिळणे खरोखर स्वस्त झाले आहे. ते बरोबर आहे का हे पाहणे मात्र तसूभरही स्वस्त झालेले नाही. इंटरनेटवरून माहितीची ने-आण करणाऱ्या कर्ल या साधनाचा निर्माता डॅनियल स्टेनबर्ग याने जाहीर तक्रार केली आहे, की यंत्राकडून लिहून घेतलेले, दिसायला भारदस्त पण आत काहीच नसलेले सुरक्षादोषांचे अहवाल तपासण्यात त्याच्या सहकाऱ्यांचे तासन्‌तास जातात. पूर्वी खोटा अहवाल लिहायलाही थोडा घाम गाळावा लागे, तेवढा अडसरही आता उरला नाही.

पैशाच्या बाजूने काही पावले पडली आहेत. जर्मन सरकारच्या निधीतून २०२२ मध्ये उभ्या राहिलेल्या सॉव्हरिन टेक फंडाने कर्लसह अनेक पायाभूत प्रकल्पांच्या देखभालीसाठी पैसे दिले. आपल्याकडे झिरोधा या शेअर दलाली कंपनीने २०२४ मध्ये ओपन सोर्स प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. केंद्र सरकारच्या २०१५ च्या धोरणाने खात्यांना ओपन सोर्स सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्यास सांगितले आहे. मात्र वापरणाऱ्या खात्याने देखभालीत वाटा उचलावा, ही पुढची पायरी अजून चढायची आहे. राज्य शासनाला कोट्यवधींची गरज नाही. ज्या मुक्त टंकांवर आणि साधनांवर शासनाचा मराठी कारभार चालतो, त्यांच्या दोषांची दखल घेऊन ते मूळ प्रकल्पापर्यंत पोहोचवणारी चार-पाच पगारी माणसे ठेवली तरी पुष्कळ होईल.

विद्यापीठांना तर पैसाही लागणार नाही. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचे गुण आज तयार वस्तू आणि अहवाल यांवर दिले जातात. त्यांतले निदान एक तृतीयांश गुण विद्यार्थ्याने इतरांच्या कामावर लिहिलेल्या टिपणांसाठी, दिलेल्या उत्तरांसाठी आणि सुधारलेल्या मार्गदर्शिकेसाठी राखून ठेवावेत. किती बदल पाठवले याची गणती मात्र अजिबात करू नये, कारण मोजायला सोपे असते ते मुले ढिगाने आणून देतात. जो प्राध्यापक अशा प्रकल्पात तपासणीचे काम करतो, त्याचे ते तास कार्यभारात धरावेत. याचे मूल्यमापन कसे करायचे, असा प्रश्न अभ्यास मंडळाच्या बैठकीत पहिल्यांदा येईल. पण हे सारे काम तारीखवार आणि नावानिशी उघड्यावर पडलेले असते. तोंडी परीक्षेला आलेल्या एक्स्टर्नलने अहवालाची पाने चाळण्याऐवजी त्यातला एखादा संवाद पडद्यावर उघडावा आणि विद्यार्थ्याला विचारावे, की समोरच्याच्या या ओळीवर तू शंका घेतलीस ती कशावरून, आणि त्याने दिलेले उत्तर तुला पटले का.